दमणहून सिल्वासाला

इ. स. १९५४ च्या आरंभी लिस्बनहून हेगला मोटारीने जाण्याचा बेत कोणा पोर्तुगीज गृहस्थाने केला असता, तर त्याला आधी नकाशा पसरून बसावे लागले असते. पोर्तुगाल सोडले की स्पेन, पिरेनीज पर्वत ओलांडला की फ्रान्स, त्यापुढे बेल्जम आणि शेवटी हॉलंड. देश पाच, सरहद्दी चार आणि अंतर तेराशे-चौदाशे मैल. मोटार विकावयास नव्हे तर फिरावयास नेत आहोत, याची हमी देणारा जकातीचा दाखला बरोबर लागे. त्याला 'कार्ने' म्हणत. प्रवाशाचे पारपत्र वेगळे आणि वाहन हाकण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना वेगळा. १९४९ साली जिनीव्हा येथे रस्त्यांवरील वाहतुकीविषयी मोठा करार झाला होता आणि पश्चिम युरोपातील अनेक देशांत १९५३ पासून विम्याचे हिरवे कार्ड चालू लागले होते. कटकट होती खरी. परंतु कोणत्या नाक्यावर कोणता कागद दाखवावयाचा, हे घरून निघण्यापूर्वी ठरविता येत असे.

त्याच सुमारास दमणच्या एखाद्या अधिकाऱ्याला सिल्वासा येथे जावयाचे असले, तर त्यालाही सरहद्दी चारच लागत. मात्र त्याचे अंतर होते अठरा-वीस मैल. दमण पोर्तुगीजांचे. तेथून निघाले की थोड्याच वेळात भारताची हद्द लागे. वापीपाशी मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा लोहमार्ग ओलांडला की पुढे दादरा. दादरा म्हणजे अवघी तीन गावे. ती पुन्हा पोर्तुगीजांची. ती संपली की भारतीय हद्दीची एक पट्टी, आणि ती ओलांडली की नगर हवेलीचा मुलूख व त्याचे ठाणे सिल्वासा. सकाळी दमणला न्याहारी करून निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणाला सिल्वासात पोचावा, एवढाच हा प्रवास. परंतु या प्रवासाला ना जिनीव्हाचा करार उपयोगी होता, ना कसले कार्ड. तो चालत आला होता तो वहिवाटीने. आणि वहिवाटीचा रस्ता किती रुंद, त्यावरून माणूस जाईल की गाडी जाईल, गाडीत धान्य असावे की बंदूक असावी, हे प्रश्न अखेर ज्या गावी सुटले ते गाव हेगच.

शेताच्या बांधावरील वाटेचा तंटा महाराष्ट्रातील खेडुतास नवा नाही. आपले शेत दुसऱ्याच्या शेताने चहूंकडून वेढलेले. बैल न्यावयाचे तर शेजाऱ्याच्या बांधावरूनच न्यावे लागतात. आजा जात असे, बाप जात असे, म्हणून नातूही जातो. एके वर्षी शेजारी बांधावर काटेरी झाप टाकतो आणि प्रकरण मामलेदाराच्या कचेरीत जाते. तेथे विचारले जाते ते एवढेच : ही वाट किती वर्षांची, कोणत्या कामाची आणि पूर्वी विचारून जात होता की न विचारता? दादरा-नगर हवेलीचा खटला म्हणजे हाच तंटा होय. फक्त वादी-प्रतिवादी देश होते आणि मामलेदाराच्या जागी पंधरा न्यायाधीश होते.

ही गावे पोर्तुगीजांकडे गेली ती मराठ्यांच्या हातून. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीजांचा अंमल दमणापुरता आकसला. पुढे १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने 'सांताना' नावाच्या पोर्तुगीज जहाजाची हानी केली. तिची भरपाई आणि इंग्रजांशी युद्ध चालू असताना पोर्तुगीजांचा स्नेह, अशा दुहेरी हेतूने पुणे दरबाराने १७ डिसेंबर १७७९ रोजी त्यांच्याशी तह केला. सवाई माधवराव त्या वेळी लहान होते; कारभार नाना फडणविसांच्या हाती होता. दमणच्या लगतच्या प्रांतातून बारा हजार रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांना लावून द्यावी, असे ठरले. त्याप्रमाणे १७८३ साली नगर हवेलीची आणि १७८५ साली दादऱ्याची सनद झाली.

तहाचा अर्थ काय, याचा कीस पुढे पावणेदोनशे वर्षांनी पडला. पोर्तुगालचे म्हणणे असे, की गावे दिली म्हणजे सार्वभौमत्व दिले. भारताचे म्हणणे असे, की दिला तो केवळ वसूल. जहागीर किंवा सरंजाम देणारा धनी जमिनीवरचे आपले राज्य सोडीत नसतो. मराठेशाहीच्या कागदपत्रांशी ज्याचा थोडासा परिचय आहे, त्याला यातील कोणता अर्थ सरळ वाटेल हे सांगावयास नको. न्यायालयासही तोच पटला. त्यातून निघालेला निष्कर्ष मोठा मजेदार आहे. मराठ्यांच्या काळी गावेही मराठ्यांची आणि मधली वाटही मराठ्यांची. तेव्हा एका राज्यातून दुसऱ्या राज्याची सत्ता चालविण्यासाठी जाण्याचा प्रश्नच त्या काळी उद्भवत नव्हता. जहागिरीचा वसूल घेणारा मनुष्य धन्याच्या मुलखातून जातो, एवढेच त्याचे स्वरूप होते.

वाट उत्पन्न झाली ती पेशवाई बुडाल्यावर. १८१८ नंतर इंग्रज या मुलखाचे मालक झाले आणि त्यांना या गावांत पोर्तुगीज अधिकारी पूर्ण अंमल चालवीत असलेले आढळले. इंग्रजांनी सनदा उकरून काढल्या नाहीत. जुना मित्र आहे, गावे थोडी आहेत, राहू द्या, अशा वृत्तीने त्यांनी आहे ती स्थिती पत्करली. अशा रीतीने जहागिरीचे राज्य बनले ते कोणत्याही कागदाने नव्हे, तर तिऱ्हाइताच्या दुर्लक्षाने. आणि राज्य बनताच दमण व नगर हवेली यांच्यामधली जमीन परकी ठरली.

स्पेन आणि फ्रान्स यांच्या सीमेवर असेच एक गाव आहे. त्याचे नाव यीव्हिया. १६५९ च्या पिरेनीजच्या तहाने त्या खोऱ्यातील तेहतीस खेडी फ्रान्सला द्यावयाचे ठरले. यीव्हिया हे खेडे नसून त्याला नगराचा दर्जा आहे, अशी हरकत निघाली आणि ते स्पेनकडेच राहिले. भोवती सगळा फ्रान्स. परंतु तेथील मुत्सद्द्यांनी दुसऱ्याच वर्षी त्या गावाच्या रस्त्याची तजवीज करून ठेवली आणि १८६६ च्या तहात ती पुन्हा पक्की केली. यीव्हियाहून स्पेनमधील पुइगसेर्दा गावी जाणारा रस्ता फ्रान्समधून जातो. पण तो करारातला आहे. दमण-सिल्वासा रस्त्याला असा करार कधी लाभला नाही. इंग्रज होते तोवर त्याची कोणाला गरजही भासली नाही.

करार नव्हता, तरी शिरस्ता होता. आणि तो बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण खटल्याचा निकाल त्यावरच लागला. सामान्य माणसे या वाटेने बिनदिक्कत जात-येत. मुलकी अधिकारीही जात. नाक्यावर नेहमीची चौकशी होई, त्यापलीकडे अडथळा नसे. मालालाही मोकळीक होती. परंतु जकातीचे नियम लागू असत, आणि काही वस्तूंचे नाव काढताच नाकेदार सावध होई. मिठाची ने-आण बंद होती, कारण मीठ हे इंग्रज सरकारच्या उत्पन्नाचे साधन. दारू आणि दारू गाळण्याचे साहित्य यांवरही वेळोवेळी बंदी येई. दुसऱ्या महायुद्धात तर मालाची वाहतूक सरसकट थांबविण्यात आली होती.

शस्त्रांची गोष्ट अगदी निराळी. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यात व्यापारासंबंधी जो तह झाला, त्यात एका सरकारच्या सशस्त्र दलाने दुसऱ्याच्या हिंदुस्थानातील मुलखात काही ठरीव कारणांवाचून किंवा रीतसर विनंतीवाचून शिरू नये, असे कलम होते. त्याच वर्षीच्या शस्त्रांच्या कायद्याखाली पोर्तुगीज मुलखातून हत्यारे व दारूगोळा आणावयाचा किंवा तिकडे न्यावयाचा, तर खास परवाना आवश्यक झाला. १८९० साली मुंबई सरकारने तक्रार केली, की पोर्तुगीजांची हत्यारबंद माणसे विनंती न करताच आमच्या हद्दीतून जातात. गोव्याच्या गव्हर्नर-जनरलने त्याला मोठ्या अदबीने उत्तर दिले. आमचे सैन्य पूर्वपरवानगीवाचून ब्रिटिश हद्द कधीच ओलांडीत नाही, असे त्याने कळविले. शेजाऱ्याची समजूत घालण्यापुरते लिहिलेले हे वाक्य सत्तर वर्षांनी आपल्याच देशाच्या गळ्यात पडेल, हे त्या सद्गृहस्थाच्या स्वप्नीही नसेल.

पुढे १९१३ च्या करारात रीतसर विनंतीची अट पुन्हा आली. १९२० च्या करारात विशिष्ट दर्जाखालच्या सशस्त्र पोलिसांसही संमतीचे बंधन घातले गेले. १९४० साली तर याच रस्त्यापुरती तडजोड झाली. दमणहून दादऱ्यावरून नगर हवेलीस जाणारे पोर्तुगीज सशस्त्र पोलीस दहापर्यंत असले, तर ते जाऊन आल्यावर चोवीस तासांत इंग्रज अधिकाऱ्यांना वर्दी दिली म्हणजे पुरे. दहाहून एकही अधिक असला, तर मात्र पूर्वीच्या शिरस्त्याप्रमाणे आधी कळवून संमती घेतली पाहिजे. सिल्वासाच्या बंदोबस्ताचा बेत आखणाऱ्या अधिकाऱ्यास ही दहाची संख्या पाठ असावीच लागे. युरोपातील एका राष्ट्राची भारतातील सत्ता दहा आणि अकरा यांच्यामध्ये अशी अडकून पडली होती.

१९४७ साली मधल्या पट्टीचा मालक बदलला, पण शिरस्ता बदलला नाही. स्वतंत्र भारताने काही वर्षे तो तसाच चालू ठेवला. पोर्तुगाल मात्र वाटाघाटीस तयार होईना. आपल्या वसाहती या वसाहती नसून पोर्तुगालचेच प्रांत आहेत, असा सालाझार सरकारचा हेका होता. ११ जून १९५३ रोजी भारताने लिस्बनमधील आपली वकिलात बंद केली. त्यानंतर या वाटेवरील निर्बंध घट्ट होत गेले. अधिकाऱ्यांना व्हिसा लागू लागला आणि तो मिळेलच अशी शाश्वती राहिली नाही.

तरीही वाट अगदी अखेरपर्यंत उघडी होती. २१ जुलै १९५४ पर्यंत दमणच्या गव्हर्नरला दादऱ्यास जाऊन परत येण्याचा व्हिसा मिळत होता. त्याच रात्री फ्रान्सिस मस्कारेन्हस व वामन देसाई यांच्या नेतृत्वाखाली 'युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स' या संघटनेचे कार्यकर्ते दादऱ्यात शिरले. पोलीस उपनिरीक्षक अनिसेतु द रोझारियु हे त्या झटापटीत मारले गेले आणि २२ तारखेच्या सकाळी दादऱ्यावर पोर्तुगालचा अंमल उरला नव्हता. मधल्या भारतीय मुलखात खळबळ उडाली आणि भारताने सर्वच येजा थांबविली. २६ जुलै रोजी पोर्तुगालने विनंती केली, की दमणच्या गव्हर्नरच्या मोजक्या प्रतिनिधींना नगर हवेलीस जाऊन लोकांना भेटू द्यावे, शक्य तर दादऱ्यावरून. दोन दिवसांनी नकार आला. एखाद्या राज्याने आपल्याच ठाण्याकडे जाण्यासाठी आखलेला प्रवासाचा बेत शेजाऱ्याच्या एका 'नाही'ने कागदावरच राहिला, अशी उदाहरणे इतिहासात फारशी नाहीत.

इकडे आझाद गोमंतक दलाचे व राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे तरुण दुसऱ्या बाजूने पुढे सरकत होते. नरोली आधी गेली आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. पुण्यामुंबईच्या या तरुणांत संगीतकार सुधीर फडके होते. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९५५ पासून, पुणे आकाशवाणीवरून ज्यांच्या स्वरात 'गीतरामायण' घरोघर ऐकू येऊ लागले, तेच हे फडके. सिल्वासाचा प्रशासक कॅप्टन फिदाल्गु आपल्या शिपायांसह आतल्या रानात सरकला होता. त्याला कुमक मिळणे शक्य नव्हते, कारण कुमक येणार ती त्याच वाटेने. ११ ऑगस्ट रोजी तो भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला.

पोर्तुगालने आता युरोपातली वाट धरली. १९५५ च्या डिसेंबरात त्याला संयुक्त राष्ट्रसंघाचे सभासदत्व मिळाले. १९ डिसेंबरला त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केले आणि २२ डिसेंबरला, म्हणजे तीनच दिवसांनी, भारतावर दावा लावला. भारताला त्या मान्यतेची बातमी नीट कळण्यापूर्वीच समन्स निघाल्यासारखे झाले. भारताने सहा प्राथमिक हरकती घेतल्या. २६ नोव्हेंबर १९५७ रोजी न्यायालयाने त्यांतील चार फेटाळल्या आणि दोन मूळ खटल्याबरोबर ऐकण्याचे ठरविले. भारताच्या बाजूने महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड उभे होते आणि त्यांच्या साह्यास सर फ्रँक सॉस्किस यांच्यासारखे परदेशी कायदेपंडित होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमदअली करीम छागला यांना भारताने या खटल्यापुरते न्यायाधीश म्हणून नेमले होते. पोर्तुगालनेही आपला एक न्यायाधीश नेमला होता.

पोर्तुगालने तयारी जय्यत केली होती. चहूंकडून वेढलेल्या जमिनीच्या धन्याला वाट मिळालीच पाहिजे, हे तत्त्व जगभर मान्य आहे हे दाखविण्यासाठी साठांहून अधिक कायदेपद्धतींचा तुलनात्मक अभ्यास न्यायालयापुढे ठेवण्यात आला. म्हणजे शेताच्या बांधावरील तंटा येथे शब्दशः येऊन पोचला होता. न्यायालयाने मात्र त्या तत्त्वाच्या खोलात जाण्याचे टाळले. दोन शेजाऱ्यांमधला स्पष्ट शिरस्ता उपलब्ध असताना जगाचे कायदे कशाला चाळावयाचे, असा त्याचा रोख होता.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ अखंड चाललेल्या वहिवाटीमुळे १९५४ साली पोर्तुगालला खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्यासाठी वाटेचा हक्क होता. मात्र तो भारताच्या नियमनाखाली होता, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. सशस्त्र दले, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांच्यासाठी हक्क नव्हता, कारण तेथे दर खेपेस परवानगी लागत असे. हे ठरले आठ विरुद्ध सात मतांनी. एक न्यायाधीश पलीकडे बसला असता, तर चित्र उलटे झाले असते. आणि हक्क होता तेवढ्यापुरतेही भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही, कारण तणावाच्या दिवसांत वाट थांबविणे हा नियमनाचाच भाग होता, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले. हक्क पोर्तुगालचा आणि किल्ली भारताच्या हाती, असा हा निवाडा होता. दोन्ही पक्षांनी आपापला विजय जाहीर केला. परंतु बंदुकीवाचून सिल्वासा परत घेता येत नाही, हे लिस्बनला कळत होतेच.

या सर्व वादात नगर हवेलीच्या वारली, कोकणा, धोडिया लोकांचा आवाज कोठे ऐकू येत नाही. निकालपत्रातील 'खाजगी माणसे' ती हीच. डोक्यावर मोळी घेऊन बाजाराला जाणाऱ्या बाईला चार सरहद्दींचा हिशेब ठाऊक नव्हता. पण नाका बंद झाला की तिचा बाजार बुडे. तिच्या पायांनी सव्वाशे वर्षे तुडविलेली वाट न्यायालयात पुरावा म्हणून उभी राहिली आणि त्या पुराव्यावर हक्क मिळाला तो राज्याला. कायद्याची दृष्टी अशीच असते, हे खरे. तरी या निकालाचे कौतुक करणारांनी ही गोष्ट विसरू नये.

निकालानंतर एकोणीस दिवसांनी द्वैभाषिक मुंबई राज्य संपले आणि मधली पट्टी गुजरात राज्यात गेली. मुक्त दादरा-नगर हवेलीचा कारभार सात वर्षे तेथील वरिष्ठ पंचायत पाहत होती. खटला चालू असेतो दिल्लीने विलीनीकरणाची घाई केली नाही. १९६१ साली पंचायतीने विलीनीकरणाचा ठराव केला. करारावर सही करावयास अधिकारी हवा, म्हणून प्रशासक के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते पंतप्रधान करण्यात आले आणि त्यांनी पंडित नेहरूंबरोबर सही केली. घटनेची दहावी दुरुस्ती ११ ऑगस्ट १९६१ पासून अमलात आली. कॅप्टन फिदाल्गुने हत्यार खाली ठेवले, त्या दिवसाची ती सातवी वर्षतिथी होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गोवा, दमण व दीव मुक्त झाले आणि वाटेची दोन्ही टोके एकाच देशात आली.

युरोपातही काळ बदलला. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन गावी करार झाला आणि २६ मार्च १९९५ पासून सात देशांनी आपसांतल्या सरहद्दींवरील नेहमीची तपासणी बंद केली. त्या सातांत पोर्तुगाल, स्पेन, फ्रान्स, बेल्जम आणि हॉलंड हे पाचही होते. लिस्बनहून हेगला निघालेल्या मोटारवाल्याचे चारही नाके उठले. तात्पुरती तपासणी कधीमधी बसते, तेवढीच.

दमण-सिल्वासा रस्ता आज कारखान्यांच्या रांगांतून जातो. २६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश आहे. त्याच्या दोन तुकड्यांमध्ये गुजरातची पट्टी पूर्वीसारखीच पसरलेली आहे. पारपत्र कोणी मागत नाही. परंतु दमणला आणि सिल्वासाला दारूची दुकाने उघडी, आणि मधल्या गुजरातेत दारूबंदी. त्यामुळे इंग्रजांच्या काळी नाकेदार ज्या मालाचा वास घेत असे, त्याच मालासाठी वापीच्या रस्त्यावर आजही पोलीस गाडी थांबवून मागची डिकी उघडावयास सांगतात.